पायवाली बाई

चांद्याच्या दवाखान्यात इंदुताई रुजू झाल्या तेव्हा त्या नेमकं काय करतात हे कोणालाच सांगता येईना. अंगावर नर्ससारखी पांढरी साडी, पण सुई टोचत नाहीत, औषध देत नाहीत, बाळंतपणाला हात लावत नाहीत. सकाळी आल्या की पडवीत सतरंजी अंथरायच्या आणि तापात ज्यांचे पाय गेले अशी पोरं एकेक करून पुढ्यात घ्यायच्या. पाय चोळायचा, वाकवायचा, ताणायचा. पोर रडायचं, आई डोळ्यांना पदर लावायची, आणि इंदुताई त्या रडण्याकडे लक्ष न देता आपलं काम करत राहायच्या. त्यांच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. लोकांनी ते सोपं करून घेतलं. पायवाली बाई.

ब्रह्मपुरीच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी. सोळाव्या वर्षी लग्न झालं, नवरा सिरोंच्याकडच्या जंगलात नाकेदार होता. तो हिवतापाने गेला आणि सासरच्यांनी तिची पेटी बैलबंडीत टाकून तिला माहेरी पोचती केली. त्यानंतर बराच काळ ती घराच्या मागच्या खोलीत गुडघ्यांत डोकं घालून बसून असायची. शेवटी वडिलांनी भावकीचं न ऐकता तिला नागपूरला नर्सिंगच्या शाळेत घातलं. तिथे मुलांच्या वॉर्डात एक म्हातारी ख्रिस्ती बाई पांगळ्या पोरांकडून व्यायाम करून घ्यायची. तिच्या हाताखाली इंदुताई हे काम शिकल्या. वर्षभर आडवं पडलेलं एक पोर त्या वॉर्डात पहिल्यांदा उभं राहिलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत हसलं. कारण खिडकीच्या पलीकडे झाड आहे हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. इंदुताईंच्या मनावर ते कोरलं गेलं. माणसाला उभं करायचं, बाकीचं मग त्याचं तो बघेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

चांद्याला त्यांचं काम तीन जागी चाले. सकाळी दवाखाना. दुपारनंतर इरई नदीच्या बाजूला गुणवंतरावांचा बालकाश्रम. आणि महिन्यातून काही दिवस छोट्या रेल्वेगाडीने मूल, सिंदेवाही, नागभीडकडची गावं. उन्हाळ्यात वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडची. दवाखान्यातून घरी गेलेल्या पोरांचे पाय पुन्हा आखडले तर नाहीत ना, हे बघायला त्या जायच्या. तिन्ही जागांतली माणसं एकमेकांना कधी भेटत नसत. पोर कुठून कुठे गेलं आणि त्याचं काय झालं, हे ठाऊक असलेल्या त्या एकट्याच होत्या.

गुणवंतराव लाकडाचे ठेकेदार. त्यांचा एकुलता मुलगा असाच पायाने गेला आणि पुढे दोन वर्षांत दगावला. त्याच्या मागे त्यांनी हा आश्रम बांधला आणि मन लावून बांधला. सगळीकडे गुळगुळीत सिमेंट, कुठे उंबरठा नाही. पोरांसाठी उंच खाटा, उंच बाकं, जेवायला टेबलं. शौचालयातसुद्धा बसायला लाकडी चौकटी करून घेतलेल्या. संध्याकाळी ते खुर्ची टाकून बसत आणि पोरं कठड्याला धरून चालताना बघत. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते ढोंग नव्हतं, हे इंदुताईंना ठाऊक होतं.

गोकुळा त्यांना भेटली ती एकोणीसशे त्रेपन्नच्या दिवाळीनंतर. सिंदेवाहीपासून बंडीच्या वाटेवर जुन्या मालगुजाराचा एक मोठा तलाव होता, त्याच्या काठाला मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती. इंदुताई तिथे दुसऱ्याच एका पोराला बघायला गेल्या होत्या. तलावात शिंगाड्याचे वेल दाट पसरलेले. त्यातून एक अरुंद डोंगा सरकत येत होता आणि डोंग्यात गुडघ्यांवर बसून, अर्धं अंग बाहेर काढून, आठ-नऊ वर्षांची एक पोर वेल उलटवत होती. हात असे भराभर चालत की बघत राहावं. डोंगा काठाला लागला, तशी ती पाण्यात घसरली आणि दोन हात न् डाव्या गुडघ्यावर जोर देत, उजवा पाय मागे ओढत, चिखलातून वर आली. बाकीची पोरं चालत घरापर्यंत पोचायच्या आत ती अंगणात होती.

दुसऱ्या वर्षाला तापात पाय गेला होता. उजव्या पायात काहीच नव्हतं, डाव्यात थोडी ताकद. उजवा गुडघा वाकून वाकून तसाच आखडलेला. इंदुताईंनी तिथेच अंगणात बसून पाय तपासला आणि आईबापाला सांगितलं की ही पोरगी उभी राहू शकते. चांद्याला आणा.

बाप मनसाराम जाळं सुकत घालत होता. त्याला ते फारसं पटलं नाही. तो म्हणाला, "बाई, पोरीचं काई अडून नाई राह्यलं. डोंग्यात बसते, शिंगाडे तोडते, जाळं शिवते. तिले दवाखान्यात काऊन न्याचं?"

आई सुगंधाबाई पोरीच्या पायावरचा चिखल पुसत होती. मग ती म्हणाली, "पान्यात असते तवा बरोबर दिसते. काठावर आली का लोकं पायतात."

इंदुताईंनी नेमकं तेच धरलं. जन्मभर ही अशीच मातीत घसटत राहणार का, तुमच्या पाठीमागे हिचं कोण करणार, असं त्या बरंच बोलल्या. मनसाराम जाळ्याचे पीळ सोडवत ऐकत राहिला. शेवटी बायको हो म्हणाली म्हणून तोही हो म्हणाला.

दवाखान्यात गोकुळाचे पहिले काही महिने फार वाईट गेले. आखडलेला गुडघा सरळ करायचा म्हणजे पायाला प्लास्टर घालायचं, काही दिवसांनी कापायचं, पाय आणखी थोडा ताणायचा आणि पुन्हा प्लास्टर. पोरीला कळा सोसवत नसत. रडणं थांबलं की ती शिंगाड्यांची चौकशी करायची. आता माझ्या जागी भाऊ डोंग्यात बसत असेल का, शिंगाडे सरले असतील का. इंदुताई तिला धीर द्यायला म्हणायच्या की पुढच्या वर्षी तू उभी राहून शिंगाडे तोडशील. गोकुळाने एकदा त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. डोंग्यात उभं राहून कोणी शिंगाडे तोडत नाही. पण बाईंना एवढंही कळत नाही असं कसं म्हणायचं?

पाय सरळ झाला. मग लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे लावलेला बूट नागपूरहून बनून आला आणि गोकुळाची रवानगी आश्रमात झाली. दोन्ही बाजूंच्या कठड्यांना धरून ती उभी राहिली, मग चालली, मग कठडा सोडून कुबड्यांवर चालली. तिला ते आवडू लागलं होतं, हे खोटं नाही. नवा झगा मिळाला, अक्षरं आली, मैत्रिणी झाल्या. नागपूरहून पाहुणे यायचे तेव्हा गुणवंतराव मोठ्या मायेने म्हणायचे, गोकुळा, जरा चालून दाखव बेटा. ती खणखणत्या पावलांनी लांबच लांब पडवी ओलांडायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. पाहुण्यांच्या मागे उभ्या असलेल्या इंदुताईंचा ऊर भरून यायचा.

त्या दिवाळीला मनसाराम तिला घरी घेऊन गेला. परत आणली तेव्हा बुटाचं चामडं भिजून फुगलेलं, पट्ट्यांना गंज, आणि तळपायाला सुकलेला चिखल. पोरीने पहिल्याच दिवशी बूट काढून ठेवला होता. सारवलेल्या जमिनीवर त्याची टाच रुतायची, उंबरठ्याला पट्टी अडायची, बांधावर तर पाऊलच ठरेना. ती सगळी दिवाळी तलावातच होती. इंदुताईंनी सुगंधाबाईला आश्रमाच्या दारात उभं करून खडसावलं. एवढे कष्ट घेऊन पोरीला उभी केली आणि तुम्ही चार दिवसांत पुन्हा रांगायला लावली, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. सुगंधाबाईने मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढच्या वर्षापासून इंदुताईंनी गोकुळाला सणासाठी घरी पाठवणंच बंद केलं.

पोरगी वाढत होती. बूट आखूड पडायचा, नवा यायला महिने जायचे, आणि मधल्या काळात पाय पुन्हा वाकू लागायचा. ती बारा वर्षांची झाली तेव्हा नागपूरचे सर्जन अधूनमधून चांद्याला येऊ लागले होते. त्यांनी पाय बघून एक उपाय सुचवला. गुडघ्याची दोन्ही हाडं एकमेकांत जुळवून टाकायची. सांधा कायमचा बंद. पाय खांबासारखा सरळ राहील, मग बुटाची गरजच नाही. एक काठी घेऊन ती जन्मभर चालेल. सर्जन सरळ माणूस होता. त्यांनी इंदुताईंना विचारलं की तुम्ही हिचं घर बघितलं आहे, हिला हे सोसेल का? इंदुताईंच्या डोळ्यांपुढे तो गंजलेला बूट आला. बूट काढून कोपऱ्यात टाकता येतो, हाड टाकता येत नाही. त्या हो म्हणाल्या.

मनसारामला बोलावून घेतलं. त्याने सगळं ऐकलं आणि एकच गोष्ट विचारली.

"मंग हे बसन कशी?"

"खुर्चीवर बसेल," इंदुताई म्हणाल्या. "बाजेवर बसेल. पाय समोर करून बसेल."

"आमच्या घरी खुर्ची नाई बाई," मनसाराम म्हणाला.

त्यावर सर्जन हसले, इंदुताई हसल्या, आणि आपण काहीतरी खुळ्यासारखं बोललो असं वाटून मनसारामही हसला. मग त्याने अंगठा दिला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. जखम भरली, हाड जुळलं आणि काही महिन्यांनी गोकुळा बुटाशिवाय, एका काठीवर, ताठ मानेने पडवीतून चालली. गुणवंतरावांनी त्या दिवशी सगळ्या पोरांना जिलेबी वाटली. पुढल्या साली आश्रमाच्या पंचमंडळींनी ठरवलं की वयात येणाऱ्या मुली मुलग्यांबरोबर एका छताखाली ठेवणं बरं नाही, मोठ्या मुलींना घरी पाठवावं. गुणवंतराव म्हणाले, गोकुळाचं तर आपलं काम झालंच आहे. इंदुताईंनाही तसंच वाटत होतं. सिंदेवाहीच्या गाडीत त्यांनी तिला स्वतः बसवून दिलं. डब्याच्या दोन पायऱ्या ती काठीच्या आधाराने चढली, बाकावर पाय पुढे करून बसली आणि खिडकीतून हात हलवला.

नंतर वर्षभर इंदुताईंना तिकडे जायला जमलं नाही. वैनगंगेच्या पलीकडे, आरमोरीपासून खाली गडचिरोलीपर्यंत, त्या पावसाळ्यात पुष्कळ पोरं तापाने पडली आणि ज्यांचा ताप उतरला त्यांतल्या किती तरी जणांचे पाय उठले नाहीत. इंदुताई बंडीतून, पायी, नावेतून हिंडत होत्या. गोकुळाची त्यांना आठवण यायची ती समाधानानेच. एखादी आई फार खचली की त्या तिला सिंदेवाहीकडच्या एका ढिवराच्या पोरीची गोष्ट सांगायच्या.

अठ्ठावन्नच्या थंडीत त्या एकदाच्या तलावाकाठच्या त्या वस्तीत गेल्या. दुरूनच त्यांना गोकुळा दिसली. घराच्या कुडाला पाठ लावून उभी होती. इंदुताईंची पावलं आपोआप भराभर पडू लागली.

सुगंधाबाईने बाज टाकली, कोरा चहा केला, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली. गोकुळा होती तिथेच उभी. चहा तिने उभ्यानेच घेतला. इंदुताई म्हणाल्या, अगं ये, बस माझ्याजवळ. गोकुळाने आईकडे पाहिलं. सुगंधाबाई उठली, तिने लेकीच्या काखांत हात घालून तिला बाजेच्या कडेवर टेकवली आणि कण्हत कंबर सरळ केली. बाज सैल विणीची, मधे खोल गेलेली. ताठ पाय समोर बाहेर आलेला आणि पोरगी मागे कलंडत होती. जरा वेळाने आईने तिला पुन्हा उचलून उभी केली. एकेकाळी वेल उलटवणारे ते हात आता काटकुळे झाले होते.

मग हळूहळू सगळं कळत गेलं. सुगंधाबाई तक्रारीचा सूर न लावता, शेजारणीचं सांगावं तसं सांगत होती. उजवा गुडघा मुडपत नाही आणि डाव्या पायात एकट्याने अंग पेलायची ताकद नाही. त्यामुळे पोरगी खाली बसली तर आपली आपण उठू शकत नाही. रांगायचं तर गुडघा हवा, तेही आता नाही. आल्या आल्या हौसेने डोंग्यात बसली होती. गुडघ्यांवर बसता येईना, म्हणून पाय लांब करून बसली. वेल तोडायला एका अंगाला झुकली आणि डोंगा उलटला. वेलांत पाय गुंतला होता. मनसारामने कसंबसं बाहेर काढलं. तेव्हापासून ती पाण्यात गेली नाही. चूल जमिनीला, जातं जमिनीला, भाजी चिरायची विळी जमिनीला, भाताची रोवणी-निंदणी सगळी वाकून. जेवायला बसवावं लागतं आणि जेवण झालं की उठवावं लागतं.

सगळ्यांत वाईट सकाळचं. बायका तलावाच्या मागे शेतांकडे जातात. तिथे आईला तिला काखेत धरून तोलावं लागायचं. आईला पहाटेच रोजीवर जायचं असलं की पोरगी आदल्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नसे आणि रात्री जेवत नसे. कोणाला हाक मारावी लागू नये म्हणून.

इंदुताईंच्या हातातला चहा थंड झाला. इतकी वर्षं त्यांनी या पोरीच्या पायाचा एकेक स्नायू बोटांनी ओळखला होता, पण ती सकाळी कुठे जाते हे कधी त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आश्रमात सगळं उंच होतं. त्या उंच जगात गोकुळा धडधाकट होती.

जायला निघाल्या तेव्हा गोकुळा कुडाशी तशीच उभी होती. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "बाई, तुमी मले उभं केलं. आता मले खाली बसवून द्या."

चांद्याला परतल्यावर इंदुताई सर्जनांची वाट पाहत राहिल्या. ते आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं की तो सांधा पुन्हा मोकळा करता येईल का. सर्जनांनी मान हलवली. जुळलेलं हाड जुळलं. मग ते म्हणाले की मी तुम्हाला विचारलं होतं. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, जे झालं ते त्यांनी आठवून सांगितलं एवढंच. इंदुताईंना वाटलं की यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांच्या हातून जे होण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. आश्रमाचं सुतारकाम करणाऱ्या नथ्थूकडून एक उंच स्टूल आणि मधे भोक ठेवलेली बसायची चौकट करून घेतली आणि दोन्ही गाडीत घालून गावी नेली. स्टुलाचे पाय सारवणात रुतले आणि ते पोरीसकट कलंडलं. चौकटीवर गावातल्या बायका हसल्या. तरी सुगंधाबाईने घरामागे खड्डा खणून, चारी बाजूंनी ताट्या लावून ती चौकट बसवली. गोकुळा निदान पोटभर पाणी पिऊ लागली. पण पावसाळ्यात खड्डा भरला, लाकूड कुजलं. इंदुताईंनी सांगितलं म्हणून कंबरेएवढ्या ओट्यावर चूल घातली. ते मात्र जमलं. गोकुळा उभ्याने भात रांधू लागली आणि घरातलं सगळं रांधणं तिच्याकडे आलं. डोंग्यात आडवी फळी ठोकून बघावी असंही इंदुताईंनी सुचवलं. मनसारामने त्या फळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डोंगा राहू द्या बाई," तो म्हणाला. "पाणी तिले विसरलं."

याच सुमारास बल्लारपूरहून वारलू नावाचा एक मुलगा दवाखान्यात आला. बाप भैयाजी कागदाच्या कारखान्यात कामाला. पाय अगदी गोकुळाच्या पायासारखाच. सर्जनांनी तीच शस्त्रक्रिया सुचवली. इंदुताईंनी या वेळी विरोध केला. सर्जनांना सांगितलं, दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं आणि शेवटी भैयाजीला बाजूला घेऊन गुडघा बंद करू नका म्हणून विनवलं. त्याला वाटलं की बाईच्या मनात काही काळंबेरं आहे. त्याने डॉक्टरांकडे तक्रार केली. मोठ्या डॉक्टरांनी इंदुताईंना बोलावून समज दिली की सल्ला देणं हे तुमचं काम नाही, तुम्ही व्यायाम तेवढे घ्या. शस्त्रक्रिया झाली.

आणि वारलूचं उत्तम झालं. घर पक्कं, घरात खुर्ची-टेबल. शाळेत बाक होते. बापाने बसायची लाकडी चौकट करून शौचालयात ठेवली. पुढच्या वर्षी तो नवा शर्ट घालून, भांग पाडून, बापाबरोबर पेढे घेऊन आला. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. भैयाजी इंदुताईंकडे बघत होता, त्याच्या नजरेत थोडी फुशारकी होती आणि थोडी कीवही. वारलू वळताना जरासा अडखळला. त्या एका क्षणात इंदुताईंना वाटलं, पडावा. पोरगा सावरला. आपल्या मनात काय येऊन गेलं हे लक्षात आलं तेव्हा इंदुताईंना स्वतःचीच शिसारी आली. पेढा त्यांनी पदराच्या टोकाला बांधला आणि पुढचं पोर सतरंजीवर घेतलं.

काम त्यांनी सोडलं नाही. सोडून जायचं तरी कुठे? ब्रह्मपुरीला वडील राहिले नव्हते आणि भावाच्या घरात ती मागची खोली तेवढी होती. फरक एवढाच पडला की नव्या पोराला हात लावायच्या आधी त्या त्याच्या घरी जाऊ लागल्या. कुठे बसता, कुठे निजता, पाणी कुठून आणता, सकाळी कुठे जाता, असलं सगळं विचारायच्या. उंबरठ्याची उंची बघायच्या. काही पोरांना त्यांनी उभं केलंच नाही. त्यांच्या गुडघ्यांना बांधायला जाड चामड्याच्या गाद्या शिवून दिल्या आणि रांगू दिलं. गुणवंतरावांना हे रुचलं नाही. दाखवायला पोरंच उरणार नाहीत, असं ते एकदा बोलून गेले आणि मग ओशाळले. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांना वाटे की बाई आता थकल्या, पूर्वीसारखी जिद्द राहिली नाही. इंदुताई त्यांना काही सांगायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

एकोणीसशे साठच्या अखेरीस त्या नागभीडला चालल्या होत्या. सिंदेवाहीला गाडी पाणी घ्यायला थांबली. फलाटाच्या भिंतीला टेकून गोकुळा उभी होती. गळ्यातून दोरीने अडकवलेली उथळ टोपली पोटाशी धरलेली, त्यात मुरमुरे आणि फुटाणे. तिच्या मामाचं स्टेशनाबाहेर दुकान होतं, त्याने तिला ठेवून घेतलं होतं. काम तिला जमण्यासारखं होतं, कारण त्यात बसायचं नव्हतं. सकाळच्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत ती तशीच भिंतीला लागून उभी असायची. सुजलेल्या डाव्या पावलावरून दिसत होतं की गाड्यांच्या मधल्या वेळातही तिला कोणी टेकवत नसावं.

डब्यातला एक प्रवासी दुसऱ्याला म्हणाला की पोरगी पायाने अधू दिसते, पण बघा, कशी ताठ उभी आहे.

गोकुळा एकेक खिडकी करत इंदुताईंच्या खिडकीशी आली. तिने त्यांना ओळखलं, यात शंका नव्हती. इंदुताईंनी कशी आहेस म्हणून विचारलं. "हाये," ती म्हणाली. आई बरी आहे का? "हाये." इंदुताईंना आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण ते फलाटावरून खिडकीतून बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी फुटाणे मागितले आणि पिशवीतून रुपया काढून दिला. उरलेले राहू दे, असं त्या म्हणाल्या.

गोकुळाने पुडी बांधून दिली. कनवटीची थैली सोडली, सुटे पैसे काढले आणि इंदुताईंच्या तळहातावर ठेवले, जसे तिने मागच्या खिडकीतल्या माणसाच्या हातावर ठेवले होते. मग काठी पुढे टाकून ती पुढच्या खिडकीकडे गेली. गाडी हलली तेव्हा ती दुसऱ्या कोणाला तरी फुटाणे देत होती.